रात्रीचा श्वास कोण मोजणार?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१५ एप्रिल २०१६. मध्यरात्र उलटून गेली होती. अटलांटातला कार्यक्रम आटोपून परतणारं एक खासगी विमान इलिनॉय राज्यातल्या मोलिन या गावी तातडीनं उतरवावं लागलं. विमानात अमेरिकेतला नामांकित गायक प्रिन्स बेशुद्ध पडला होता. त्याला नॅलोक्सोन नावाचं औषध देण्यात आलं, तो शुद्धीवर आला आणि काही तासांत इस्पितळातून बाहेरही पडला. त्यानंतर सहा दिवसांनी, २१ एप्रिलच्या सकाळी, मिनेसोटातल्या पेस्ली पार्क या त्याच्या राहत्या वास्तूच्या लिफ्टमध्ये तो मृतावस्थेत सापडला. कारण होतं फेंटानिल. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांमधून ते त्याच्या पोटात गेलं होतं आणि त्यात फेंटानिल आहे हे त्याला ठाऊक असल्याचा पुरावा नाही, असं तिथल्या सरकारी वकिलांनी २०१८ साली जाहीर केलं.

या माणसाकडे पैसा होता, नोकरचाकर होते, हवी ती यंत्रं विकत घेण्याची ऐपत होती. तरी दोन रात्रींत फरक पडला तो एवढ्यानंच, की विमानात शेजारी माणसं होती आणि त्या वास्तूत त्या रात्री तो एकटा होता.

आजचा माझा विषय या फरकाचा आहे. अफूपासून निघालेली किंवा तिच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेली औषधं, ज्यांना आम्ही ओपिऑइड म्हणतो, त्यांच्यामुळे घरात झोपलेल्या माणसाचा श्वास मंदावला, तर ते कोणाच्या आणि कसं लक्षात येणार? हल्ली त्यासाठी यंत्रं निघाली आहेत. ती घरात सुरक्षितपणे वापरायची कशी आणि त्यांच्या भरवशावर काय सोडायचं नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर माझे शिक्षक. भूलशास्त्र त्यांनी आम्हाला शिकवलं ते हाताशी फारशी यंत्रं नसताना. एक हात भुलीच्या यंत्राच्या फुग्यावर, रोग्याच्या छातीवर चिकटपट्टीनं लावलेला स्टेथोस्कोप, त्याची नळी एका कानात आणि डोळे नखांच्या रंगावर. पुढे ऑक्सिमीटर आला. त्याची पीप-पीप सुरू झाली की आम्ही तरुण मंडळी पडद्यावरच्या आकड्याकडे टक लावून बसायचो. सर मागून येऊन म्हणायचे, “आकडा मलाही दिसतोय. छाती हलतेय का ते सांग.” माझं आजचं सगळं बोलणं हा त्या एका वाक्याचा विस्तार आहे, असं समजा.

आधी हे संकट आहे कुठलं, ते पाहू. १९९६ साली पर्ड्यू फार्मा या अमेरिकी कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली. पाठदुखीपासून दाढदुखीपर्यंत सगळ्यांना ओपिऑइड लिहून देण्याची लाट आली. या गोळीचं व्यसन लागण्याचा धोका कमी आहे, असा दिशाभूल करणारा प्रचार केल्याबद्दल कंपनीनं २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण तोवर लाखो घरांच्या औषधपेटीत ती गोळी जाऊन बसली होती. चिठ्ठ्यांवर बंधनं आली तशी माणसं हेरॉइनकडे वळली आणि २०१३ पासून चोरटं फेंटानिल पसरलं. फेंटानिल मूळचं आमचं, भूलतज्ज्ञांचं औषध. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी ते १९६० च्या सुमारास तयार केलं. मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट प्रभावी असल्यानं आम्ही ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतो, तेही श्वासाची नळी हाताशी ठेवून. तेच औषध कोणाच्या तरी तळघरात गोळीत कालवलं जातं, तेव्हा एका गोळीत ते किती उतरलं हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. २०२२ साली अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेनं एक लाखाहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यूंत ओपिऑइडचा हात होता. २०२४ साली हा आकडा बराच उतरला, तरी तो ऐंशी हजारांच्या आसपास होता. शेजारच्या कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २०१६ सालीच सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. या मृत्यूंमधले पुष्कळसे रस्त्यावर होत नाहीत. ते राहत्या घरात, बंद दाराआड होतात.

याचा आपल्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. एक संबंध जुना आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली, अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहून मध्यमवर्गाला तिचं भान दिलं आणि १९८६ साली डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अफूवर्गाचं व्यसन मराठी घराला परकं कधीच नव्हतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात ओपिऑइड घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक आहेत. दुसरा संबंध दुखण्याचा. कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिनच्या गोळ्या, दंडावर फेंटानिलची पट्टी, ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल, या गोष्टी आज आपल्या घरांत येतात, आणि त्या यायलाच हव्यात. तिसरा संबंध विमानाच्या तिकिटाचा. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं-नातवंडं न्यू जर्सीत, टोरांटोत, व्हँकुव्हरमध्ये वाढताहेत. तिथल्या शाळा-कॉलेजांत हा प्रश्न वर्तमानपत्रातला राहिलेला नाही.

आता मुळाशी जाऊ. श्वास आपण घेत नाही, तो घेतला जातो. मेंदूच्या देठात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तो श्वासाचा ताल धरतो. शरीरशास्त्रज्ञांनी त्याला एका जर्मन वाइनच्या नावावरून प्री-बोट्झिंगर असं नाव दिलं आहे. ओपिऑइड या पेशींना मंद करतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की एरवी मेंदू खडबडून श्वास वाढवतो. ओपिऑइडखाली ती तक्रार ऐकू येईनाशी होते. म्हणून या माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही. तो तडफडत नाही, हाक मारत नाही. मिनिटाला बारा ते वीस असणारे श्वास दहावर येतात, आठवर येतात, मध्ये लांब खंड पडतात. जीभ सैल होऊन घशात मागे पडते आणि खोल, घरघरणारा, अडखळणारा आवाज येऊ लागतो. बाहेरच्या खोलीतल्या माणसाला वाटतं, चला, आज गाढ झोप लागली. हा आवाज घोरणं समजून सोडून दिल्यानं गेलेले जीव मोजता येणार नाहीत.

इथे मला आपल्या सगळ्यांच्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. ऑक्सिमीटर मराठी घराघरांत आला तो करोनाच्या काळात. २०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार जाऊन बोटाला ते चिमटं लावत होत्या. तेव्हापासून चौऱ्याण्णव हा आकडा आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसला. पण करोनात फुप्फुस आजारी होतं आणि मेंदू श्वास वाढवायला सांगत होता. ओपिऑइडच्या अतिमात्रेत फुप्फुस ठणठणीत असतं, मेंदूच श्वास घ्यायचं विसरतो. करोनात आकडा आधी पडायचा आणि माणूस बरा दिसायचा. इथे श्वास आधी मंदावतो आणि आकडा मागाहून येतो. त्यामुळे २०२० साली कमावलेली समजूत इथे जशीच्या तशी वापरली तर ती घात करेल.

आकडा मागाहून का येतो? रक्तातली ऑक्सिजनची पातळी आणि पडद्यावरची टक्केवारी यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. सह्याद्रीच्या पठारावरून चालताना बराच वेळ पायाखाली सपाट जमीन असते आणि मग एकदम कडा येतो, तसा तो आलेख आहे. शंभरपासून नव्वदीपर्यंत टक्केवारी थोडीथोडी घसरते, पण तेवढ्यात रक्तातली ऑक्सिजनची शिल्लक बरीच संपलेली असते. नव्वदच्या खाली गेल्यावर घसरण भरधाव होते. त्यातून नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर गोष्ट आणखी फसवी. श्वास मिनिटाला सहा झाले तरी आकडा सत्त्याण्णव दाखवत राहू शकतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असलेल्या रोग्यावर नुसत्या ऑक्सिमीटरनं नजर ठेवू नका, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणतो. नुसत्या ऑक्सिमीटरनं नजर ठेवू नका.

रुग्णालयातही ही चूक होते. २०२० साली प्रॉडिजी नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका, युरोप आणि आशियातल्या साध्या वॉर्डांतल्या, ओपिऑइड दिलेल्या १,३३५ रोग्यांवर ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मोजणारी यंत्रं सलग लावली गेली. ४६ टक्के रोग्यांत श्वास मंदावल्याचा किमान एक प्रसंग नोंदला गेला. परिचारिका ठरावीक वेळांनी येऊन नाडी बघून जातात आणि असे प्रसंग दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात निसटू शकतात. वॉर्डात ही स्थिती असेल तर घराची कल्पना करा.

मग घरासाठी काय आहे? जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व शोधलं. बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवायचे आणि कोणता किती शोषला गेला यावरून रक्तातला ऑक्सिजन काढायचा. त्याच तत्त्वावर अमेरिकेतल्या मासिमो कंपनीनं ओपिऑइडसाठी खास यंत्रणा बनवली, ओपिऑइड हेलो. तिला तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं २०२३ साली मान्यता दिली. बोटाला संवेदक, उशाशी यंत्र, फोनवर ॲप. धोका वाढत गेला की अलार्म चढत जातो आणि ठरवून दिलेल्या नातेवाइकांच्या फोनवर निरोप जातो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या राजलक्ष्मी नंदकुमार, श्याम गोल्लाकोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी फोनचंच सोनार केलं. फोन कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडतो आणि तीन फुटांच्या आत बसलेल्या माणसाच्या छातीवरून परतणारे तरंग मोजतो. श्वास मिनिटाला सातवर आला, मान कलली, हालचाल थांबली, की इशारा. व्हँकुव्हरमधल्या इनसाइट या केंद्रात, जिथे व्यसनी माणसं परिचारिकांच्या नजरेखाली इंजेक्शन घेतात, तिथे ९४ जणांवर ते तपासलं गेलं आणि धोक्याची लक्षणं सुमारे ९० टक्के वेळा बरोबर ओळखली गेली. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला.

नव्वद टक्के हा परीक्षेत चांगला आकडा आहे. घरात त्याचा अर्थ असा, की दहातला एक प्रसंग निसटेल. शिवाय ही चाचणी कुठे झाली ते विसरू नका. परिचारिका दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

बाजारात मिळणारं साधं ऑक्सिमीटर, करोनात घेतलेलं, अजून कपाटात असेलच. ते रात्रभर पहारा करायला बनवलेलं नाही. त्यात झोपेतून उठवील असा अलार्म बहुधा नसतो आणि बोट निसटलं की ते मुकाट्यानं बंद पडतं. हातातलं स्मार्टवॉच ऑक्सिजनची नोंद अधूनमधून घेतं, सलग नाही. बाळाच्या खोलीत लावतात तो कॅमेरा छाती दाखवतो, पण रात्री तीन वाजता पडद्याकडे बघत बसणारं कोणी असावं लागतं. यांतलं काहीही ‘ओव्हरडोस ओळखणारं यंत्र’ नाही. यंत्र विकत घेताना एकच प्रश्न विचारा. हे यंत्र ओपिऑइडमुळे मंदावणारा श्वास ओळखण्यासाठी तपासलं आणि मान्य केलं गेलं आहे का? विक्रेता ‘वेलनेस’, ‘फिटनेस’ असे शब्द वापरू लागला तर उत्तर मिळालं असं समजा.

चांगलं यंत्रही फसतं, आणि ते कुठे फसतं हे माहीत असलं पाहिजे. बोट गार पडलं, रक्तदाब उतरला, नखावर गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असली, की वाचन बिघडतं. त्वचेच्या रंगाचा प्रश्न तर आपल्या सगळ्यांच्या जवळचा आहे. २०२० च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की रक्त तपासल्यावर ऑक्सिजन खरोखर कमी निघालेला, पण ऑक्सिमीटर ‘ठीक आहे’ म्हणत असलेला, असे प्रसंग कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. आपल्याकडे सावळा-काळा वर्ण ही नेहमीची गोष्ट. म्हणून आकडा आणि माणूस यांत तफावत दिसली तर माणसावर विश्वास ठेवा, आकड्यावर नको.

खोटे अलार्म ही दुसरी अडचण. कुशीवर वळलं, चिमटं निसटलं, यंत्र ओरडलं. पहिल्या रात्री घरातली सगळी धावतात. आठवड्याभरात कोणी तरी म्हणतं, “राहू दे, नेहमीचंच आहे,” आणि आवाज कमी करतं. अतिदक्षता विभागात हा आम्हाला नेहमी छळणारा प्रश्न आहे. घरी त्यावर एकच उपाय आहे. अलार्म खोटा वाटला तरी उठायचं, छाती बघायची, मग चिमटं नीट लावायचं. आधी छाती, मग चिमटं. हा क्रम उलटला की पहारा संपला.

आता प्रत्यक्ष घर डोळ्यांसमोर आणा. यंत्र आणलं त्या दिवशी, रोग्यानं औषध घेण्याआधी, एक तालीम करा. एकानं शेजघरात पलंगावर पडायचं, दार लावून घ्यायचं. दुसऱ्यानं स्वयंपाकघरात मिक्सर लावायचा, दिवाणखान्यात टीव्हीवर मालिका चालू ठेवायची, तिसऱ्यानं माडीवर जाऊन झोपायचं. मग पलंगावरच्यानं बोटातलं चिमटं काढायचं. अलार्म कोणाला ऐकू आला? किती वेळात? फोन सायलेंटवर होता का? रात्री वायफाय बंद करायची सवय आहे का? माडीपर्यंत ब्लूटूथ पोचतं का? ज्या घरात ही तालीम झाली नाही, त्या घरात यंत्र आहे असं मी मानत नाही. ज्याला निरोप जाणार तो माणूसही हाकेच्या अंतरावर हवा. पुण्यातल्या आजोबांच्या उशाशी यंत्र आणि निरोप शिकागोतल्या मुलाच्या फोनवर, ही व्यवस्था मुलाच्या मनाला समाधान देईल. आजोबांना श्वास देणार नाही. ऑक्सिजन तुटल्यावर मेंदूला कायमची इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात.

अलार्म झाला, तर करायचं काय? दिवा लावा. नाव घेऊन मोठ्यानं हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नाही आलं तर मुठीची बोटं छातीच्या मधल्या हाडावर जोरानं घासा. तरीही डोळे उघडत नसतील, श्वास तुटक असेल, ओठ निळसर-करडे पडले असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर वेळ घालवू नका. आपल्याकडे १०८ किंवा ११२, अमेरिका-कॅनडात ९११. फोन स्पीकरवर ठेवा आणि ‘श्वास चालत नाही’ हे शब्द आधी सांगा. नॅलोक्सोन असेल तर द्या. हनुवटी उचलून मान मागे करा, नाक चिमटीत धरा आणि दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडानं द्या, छाती वर येताना दिसेल इतका. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. श्वास परत आला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी ती फुप्फुसात जाणार नाही. गार पाण्याचे शिपके, कांदा हुंगवणं, उठवून चालवणं, दूध पाजणं यांत हातची मिनिटं जातात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

नॅलोक्सोनबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण यंत्र इशारा देतं आणि हे औषध काम करतं. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचं पेटंट मागितलं, १९७१ साली अमेरिकेत ते मान्य झालं. ओपिऑइड ज्या जागी जाऊन बसतं तिथून नॅलोक्सोन त्याला हुसकावतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परततो. त्याचं व्यसन लागत नाही, आणि बेशुद्धीचं कारण ओपिऑइड नसलं तरी अपाय होत नाही. पण कित्येक वर्षं ते इस्पितळात आणि रुग्णवाहिकेतच राहिलं. शिकागोत काही कार्यकर्त्यांनी १९९६ साली ते थेट व्यसनी माणसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली, तेव्हा डॉक्टरांनी नाकं मुरडली. फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ साली हेरॉइनच्या अतिमात्रेनं गेला. औषध शोधून चार दशकं उलटली होती, तरी ते लागेल तिथे पोचलेलं नव्हतं. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, की असा प्रसंग ज्यांच्यासमोर घडू शकतो त्या सगळ्यांना हे औषध मिळावं आणि ते द्यायला शिकवावं. २०१५ साली नाकात मारायचा फवारा आला, २०२३ साली अमेरिकेत तो चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागला. एक फवारा एका नाकपुडीत. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा, दुसऱ्या नाकपुडीत.

एक धोका मात्र मनात कोरून ठेवा. नॅलोक्सोनचा असर साधारण तीस ते नव्वद मिनिटं. दीर्घकाळ चालणारी गोळी किंवा पट्टी त्याहून जास्त वेळ टिकते. माणूस उठून बसतो, चिडतो, “मला काही झालं नव्हतं,” म्हणतो, परत झोपतो आणि तासाभरानं श्वास पुन्हा बुडतो. म्हणून तो कितीही नको म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्या आणि तोवर जवळून हलू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर त्यांच्यावर नॅलोक्सोन चालत नाही. तोंडानं श्वास देणं सोडू नका. आपल्या देशात हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत आहे, पण ते प्रामुख्यानं इस्पितळातलं इंजेक्शन म्हणूनच. घरी मॉर्फिन देताना नॅलोक्सोन आणि ते वापरण्याचं शिक्षण सोबत द्यायची पद्धत इथे रुजायची आहे. ती रुजवणं हे आम्हा डॉक्टरांचं काम आहे, आणि त्यासाठी आमच्या मागे लागणं हे तुमचं.

यंत्राची जास्त गरज कधी असते? औषध नव्यानं सुरू झालं किंवा मात्रा वाढवली तेव्हा. मूत्रपिंड अधू असताना मॉर्फिन चालू असेल तेव्हा, कारण त्याचे अंश अंगात साचतात. घोरताना श्वास अडकण्याचा आजार असेल तेव्हा. फेंटानिलची पट्टी असताना ताप चढला किंवा तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध भसाभस आत शिरतं. आणि सर्वांत घातक काळ म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे. शरीराची सहनशक्ती ओसरलेली असते आणि मन जुनी मात्रा आठवत असतं. घरची मंडळी मात्र नेमकी तेव्हाच ‘सुटला एकदाचा’ म्हणून सैल पडतात.

पण असा केंद्रातून घरी परतलेला मुलगा स्वतःच्या खोलीत यंत्र लावू देईल का? इथे विषय यंत्रशास्त्रातून घरातल्या नात्यांकडे येतो. लपवून लावलेलं यंत्र एक दिवस सापडतं आणि मग तो दुसऱ्या दाराआड जातो, जिथे यंत्र नाही आणि आईही नाही. म्हणून त्याच्याशी आधी बोला. अलार्म झाला तर कोण येईल, आल्यावर काय करेल आणि काय करणार नाही, हे त्याच्यासमोर ठरवा. नोंदी कोण बघणार, त्या कोणाला पाठवायच्या नाहीत, हेही. ‘त्या क्षणी आम्ही श्वास बघू, भांडण सकाळी,’ एवढं वचन द्या आणि पाळा. उत्तर अमेरिकेत फोनवरच्या सेवा आहेत. एकटा माणूस नशा करताना फोन जोडतो, पलीकडचा माणूस बोलत राहतो आणि उत्तर येईनासं झालं की रुग्णवाहिका पाठवतो. अशानं व्यसनाला उत्तेजन मिळतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं उत्तर सरळ आहे. मेलेला माणूस व्यसन सोडू शकत नाही. आपल्याकडे व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मदतक्रमांक आहे. तो फ्रिजवर चिकटवून ठेवायला लाज वाटू देऊ नका.

हे सगळं ऐकून कोणी आपल्या कर्करोगग्रस्त वडिलांचं मॉर्फिन बंद करील, अशी मला भीती वाटते. तसं करू नका. भारतात वेदनेनं तळमळणाऱ्या बहुसंख्य माणसांना मॉर्फिन मिळतच नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती याचसाठी. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन सुरक्षित आहे. आणि जो रोगी अखेरच्या दिवसांत आहे, त्याच्या उशाशी अलार्म नको. तेव्हा श्वास बदलतो तो आजाराच्या गतीनं, आणि नॅलोक्सोन दिलं तर दबलेली सगळी वेदना एका क्षणात परत येईल. तिथे काय करायचं हे उपशामक उपचाराच्या डॉक्टरांशी आधीच बोलून लिहून ठेवा.

शेवटी खर्चाचा क्रम सांगतो, कारण मराठी माणूस व्यवहाराचं लवकर ऐकतो. पहिला खर्च वेळेचा. घरातल्या दोघांनी एक रविवार काढून तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं शिकून घ्यावं. घड्याळासमोर बसून झोपलेल्या माणसाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजण्याचा सराव करावा. त्याला पैसाही लागत नाही. दुसरा खर्च औषधाचा. ओपिऑइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांना नॅलोक्सोनबद्दल विचारा, आणि परदेशातल्या मुलांना सांगा की फवारा स्वयंपाकघरात दिसेल अशा जागी ठेवा. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवा, वापरलेल्या पट्ट्या दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा टाका. हे दोन्ही झाल्यावर, ऐपत असेल तर, तिसरा खर्च यंत्राचा. हा क्रम उलटा करून, यंत्र आणून निर्धास्त झोपणारी घरं मला जास्त धोक्याची वाटतात, कारण यंत्र नसलेल्या घरात निदान कोणी तरी जागं असतं.

 संयोजकांना एक विनंती करून थांबतो. पुढच्या वर्षी व्याख्यानाच्या आधी तासभर याच सभागृहात श्वास द्यायचं प्रात्यक्षिक ठेवा. पुतळे मी आणतो, शिकायला माणसं तुम्ही आणा.